धरणात बुडालेली समुद्राची बोट

मित्रांनो, मी जन्मले समुद्रासाठी आणि बुडाले मात्र धरणात.

मी एक जुनी फायबरची बोट आहे. लांबीला बावीस फूट, रंगानं एके काळी पांढरीशुभ्र. आज मी अकोले तालुक्यातल्या डोंगरांच्या कुशीत, एका पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात कलंडून पडले आहे. माझ्या नाकाला तारेनं एक पुठ्ठा बांधला आहे आणि त्यावर लाल शाईनं 'मुद्देमाल' असं लिहिलेलं आहे. मुद्देमाल म्हणजे खटल्यात पुरावा म्हणून जपून ठेवलेली वस्तू. जपून म्हणायचं एवढंच. कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालतात आणि पावसाचं पाणी साचून त्यात डास होतात. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. मला तुम्हांला रंगनाथची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

रायगडच्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या काठी, पत्र्याची एक शेड होती. तिथं हसनचाचा नावाचे म्हातारे कारागीर बोटी घडवत. साच्याला मेण चोळायचं, काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर उग्र वासाचं रसायन ओतून ब्रशनं दाबत न्यायचं, आणि ते वाळलं की पुन्हा दुसरा थर. असे सात थर चढले तेव्हा माझं अंग तयार झालं. मग चाचांनी दोन्ही बाजूंच्या बसायच्या फळ्यांखाली दोन लांब पेट्या केल्या, त्यांत फोम ठासून भरला आणि वरून फायबर चढवून त्या कायमच्या बंद केल्या. त्यांना ना झाकण ठेवलं, ना कडी.

मला बनवून घेणारे काशिनाथ तांडेल शेजारी उभे राहून बघत होते. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. ते म्हणाले, "चाचा, एवढी जागा फुकट घालवलीत. सामान राहिलं असतं इथं."

"ही जागा फुकट नाही, तांडेल," चाचा म्हणाले. "बोट काठोकाठ भरली तरी या दोन पेट्या तिला तळाला जाऊ देणार नाहीत. माणसं तिला धरून राहतील. यांना कधी यंत्र लावू नका."

तांडेलांनी आठ वर्षांत कधी लावलं नाही.

काशिनाथ तांडेल मासे विकण्यासाठी समुद्रात जात नसत. मुंबई-पुण्याकडच्या हौशी लोकांना गळानं मासेमारी करण्यासाठी ते खोल पाण्यात नेत. त्या लोकांच्या हातात लांबलचक काठ्या असत आणि काठ्यांना चकचकीत रिळं. पाण्याखाली सुरमईनं गळ गिळला की रीळ किंचाळायला लागे, दोरी सरसर सुटे आणि मोठमोठे साहेब लहान मुलांसारखे ओरडू लागत. तासभर झुंजून मासा वर आणायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा, आणि कितीदा तरी तो पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. मला आधी वाटे, ही माणसं खुळी आहेत की काय! पुढे मलाही त्या खेळाची गोडी लागली.

तांडेलांचे नियम मात्र कडक होते. वाऱ्यानं रंग बदलला की रिळावर मासा असो वा नसो, बोट माघारी फिरे. तरंगण्याचं जाकीट घातल्याशिवाय कुणी माझ्यात पाय ठेवायचा नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं उकडतं म्हणून जाकीट नाकारलं. तांडेलांनी इंजिन बंद केलं आणि शांतपणे विडी पेटवली. "साहेब, मग आज आपण धक्क्यावर बसूनच गप्पा मारू," ते म्हणाले. गिऱ्हाईक रागानं निघून गेलं. तांडेलांनी विडी संपवली आणि मला धुवायला घेतलं.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मुली सासरी गेल्या होत्या आणि बोट चालवायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी मला विकलं.

मला न्यायला ट्रक आला, त्याच्यासोबत मच्छिंद्र नावाचा एक काळासावळा, किडकिडीत माणूस होता. तांडेलांनी त्याला माझ्या अंगाची सगळी माहिती दिली. इंजिन कसं उचलायचं, तळाचं बूच कधी काढायचं, सगळं. शेवटी त्याचा हात धरून पेट्यांवर ठेवला. "यांना हात लावू नका. आत फोम आहे. त्यावरच बोटीचा जीव आहे."

"न्हाई लावनार, काका," मच्छिंद्र म्हणाला. मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

कसारा घाट चढून, घोटीवरून, बारीच्या घाटातल्या वळणांनी मी राजूरला आले. बाजाराचा दिवस होता. ड्रायव्हर चहाला उतरला आणि माझ्याभोवती ही गर्दी झाली. डोक्यावर हिरड्यांची पाटी घेतलेली एक आजी म्हणाली, "अगं बाय, एवढी मोठी गुळाची काहील कुनाची म्हनायची?"

"आज्ये, बोट हाय ती," मच्छिंद्र हसून म्हणाला. "धरनात मासं धराया."

"मासं धराया एवढं? आमी तर लुगड्याच्या पदरानं धरीत हुतो."

सगळे हसले. मलाही बरं वाटलं. नव्या गावात पाऊल ठेवताना कुणी हसून स्वागत केलं, की पुढचं सगळं चांगलंच होणार असं वाटतं.

माझे नवे मालक आप्पासाहेब. श्रीरामपूरकडचे मोठे बागायतदार. त्यांनी धरणाच्या काठाला तंबू टाकून पर्यटकांसाठी कॅम्प काढला होता. रात्री तंबूत मुक्काम, सकाळी पिठलं-भाकरी आणि मग बोटीतून गळानं मासेमारी. 'समुद्राची बोट आता आपल्या धरणात' असा मोठा फलक त्यांनी रस्त्यावर लावला. तसे ते वाईट माणूस नव्हते. बोलायला मोकळे होते आणि कामगारांच्या लग्नकार्याला स्वतः जात. फक्त पाहुणा नाराज झालेला त्यांना सहन होत नसे.

मला चालवायचं काम मच्छिंद्रकडे आलं. तो धरणाकाठच्याच वाडीचा. त्याची बायको छबूबाई कॅम्पवर स्वयंपाक करायची. आणि छबूबाईचा थोरला भाऊ रंगनाथ माझ्या नाकाशी बसून पाहुण्यांना मासे दाखवायचा.

रंगनाथसारखा माणूस मी समुद्रातही पाहिला नव्हता. पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघून तो सांगायचा, इथं कटला हाय, इथं नुस्ता गाळ. कणीक आणि पेंड मळून तो गळासाठी गोळे करायचा आणि कुणी नवखा पाहुणा आला तर त्याच्या बोटांना गाठ मारायला शिकवायचा. पन्नाशीला आलेला, थोडा पाठीत वाकलेला. त्याचा बाप दारूनं गेला होता. त्यामुळे रंगनाथनं आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. पाहुणे काठावर रिकाम्या बाटल्या टाकून जात, त्या तो पोत्यात गोळा करून घरामागं ठेवायचा. "काच फुटली की गुरांचं पाय कापत्यात," असं म्हणायचा. ते पोतं भरलं की राजूरच्या भंगारवाल्याकडे जायचं.

तीन वर्षं बरी गेली. माझ्यावरचा रंग उडाला तो कुणी दिला नाही. माझ्यासोबत आलेल्या सहा जाकिटांपैकी दोन आप्पासाहेबांनी दुसऱ्या बोटीला दिली. उरली चार. ती पाहुण्यांना. मच्छिंद्र आणि रंगनाथ जाकिटाशिवायच बसत. "आमी पान्यातलीच मानसं," असं मच्छिंद्र म्हणायचा. मला तांडेलांची आठवण यायची, पण बोटीला बोलता कुठं येतं?

मग ह्या वर्षीचा एप्रिल आला. ऊन असं तापलं, की दुपारी माझ्या कठड्याला हात लावला तर चटका बसायचा. पाहुणे कुरकुर करू लागले. बोटीत थंड प्यायला काही मिळत नाही, पकडलेला मासा काठावर येईपर्यंत खराब होतो. आप्पासाहेब एका सकाळी लोखंड कापायचं यंत्र घेऊन आले. रंगनाथ त्या दिवशी एका लग्नाला गेला होता.

"मच्छिंद्र, या बाकाखालच्या पेट्या उघड," आप्पासाहेब म्हणाले. "एकीत बर्फ अन् बाटल्या, दुसरीत मासे. वर झाकण बसवू."

मच्छिंद्र जागचा हलला नाही. "आप्पा, त्या बंदच ठिवायच्या हायेत. त्या तांडेलानं सांगितलंय मला. बोट बुडू नये म्हनून हाय ते."

"अरे, तो समुद्र होता. तिथं घराएवढ्या लाटा येतात. इथं काय आहे? बशीतल्या चहासारखं पाणी. तीन वर्षांत कधी लाट आली का आत?"

"न्हाई आली. पर..."

"तुला जमत नसेल तर सांग. मी दुसरा माणूस बोलावतो. कामाला माणसं कमी नाहीत."

मच्छिंद्रनं स्वयंपाकाच्या तंबूकडे पाहिलं. छबूबाई तिथं चुलीशी वाकून फुंकर घालत होती. दोघांचंही पोट याच कॅम्पवर होतं. त्यानं यंत्र उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मग डोळे किलकिले करून त्यानं माझ्या कुशीला पातं लावलं. जळक्या फायबरचा पांढरा धूर उठला. त्या वासानं मला हसनचाचांची शेड आठवली. पिवळ्या फोमचे तुकडे निघाले ते त्यानं पाटीत भरले आणि काठावर नेऊन पेटवून दिले. दुपारपर्यंत दोन्ही पेट्या रिकाम्या झाल्या. वर फळीची झाकणं बसली. ती नीट घट्ट बसतही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून छबूबाई रोज सकाळी त्या पेटीत बर्फ भरू लागली. त्या जागेत आधी काय होतं हे तिला कुणी सांगितलं नाही. रंगनाथ लग्नाहून परत आला, त्यानं नवी झाकणं पाहिली आणि म्हणाला, "बेस केलं. पाव्हन्यांची सोय झाली." मच्छिंद्रनं मान फिरवून इंजिन सुरू केलं. महिनाभर काही झालं नाही, आणि काही होत नाही असं पाहून माणसाला भीतीचा विसर पडतो. मच्छिंद्रलाही पडला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून चौघे पाहुणे आले. चांगली माणसं होती. त्यांतले एक चष्मेवाले साहेब तर रंगनाथसाठी नवा गळ घेऊन आले होते. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही निघालो. चौघांपैकी दोघांनी जाकिटं घातली. चष्मेवाल्यांनी आणि त्यांच्या मित्रानं उकाड्यामुळे काढून बुडाखाली घेतली. फळी तापली होती ना!

मच्छिंद्र म्हणाला, "सायेब, घाला की."

"घालतो, घालतो. आधी मासा तर लागू दे."

तीनच्या पुढे रतनगडाच्या अंगाचं आभाळ काळंनिळं झालं. पाण्यावरची झुळूक एकदम थांबली. रंगनाथ नाकाशी उठून उभा राहिला. त्यानं हवेचा वास घेतला. "मच्छिंद्रा, फिरव बोट. वळवाचं वारं येतंय."

मच्छिंद्रनं इंजिनाचा दांडा वळवला, आणि नेमकं त्याच वेळी चष्मेवाल्यांचं रीळ किंचाळलं. काठी वाकून पाण्याला टेकली. मोठा कटला होता. "थांबव! थांबव!" ते ओरडले. "आता बोट हलवलीस तर दोरी तुटेल!"

"सायेब, आभाळ बघा..."

"पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं!"

मच्छिंद्रनं खिशातून मोबाईल काढून आप्पासाहेबांना फोन लावला. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं. "पाहुण्यांना नाराज करू नको. पाच मिनिटांनी काय आकाश कोसळतंय?"

त्यानं दांडा सोडला.

वारं आलं ते भिंत सरकत यावी तसं. आधी लांबवर पाणी पांढरं झालेलं दिसलं, मग गारांचे दगड माझ्यावर ताडताड आपटू लागले. चौघे पाहुणे मासा बघायला एकाच बाजूला आले होते. मी त्या बाजूला झुकले. मागून एक लाट आत आली. समुद्रात मी याहून मोठ्या लाटा पोटात घेतल्या होत्या आणि हसत ओतून दिल्या होत्या. पण या वेळी बर्फाच्या पेटीचं झाकण उडालं आणि पाणी धबधबा माझ्या कुशीत शिरलं. मग दुसऱ्या कुशीत. ज्यांनी मला तोलून धरायचं, त्याच पेट्या पाणी पिऊ लागल्या. इंजिनाच्या वजनानं माझी मागची बाजू खाली गेली.

"बोटीला धरा! बोट सोडू नगा!" रंगनाथ ओरडला. त्याला वाटत होतं, तीन वर्षं जिच्यात बसलो ती बोट भरली तरी तरंगेल.

त्यानं सांगितलं म्हणून ती माणसं मला धरायला आली. आणि मी त्यांच्या हातांखालून निसटले. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात याहून लाजिरवाणा क्षण दुसरा नाही.

माझ्या नाकात थोडी हवा अडकली होती. त्यामुळे तळाला जाण्याआधी थोडा वेळ मी उभी तरंगत राहिले. तेवढ्यात वाऱ्यानं माणसांना माझ्यापासून लांब नेलं. जाकीट घातलेले दोघे लाटांवर वरखाली होत होते. मच्छिंद्र चष्मेवाल्यांच्या मित्राला केसांना धरून काठाकडे ओढत होता. आणि रंगनाथनं तरंगत आलेलं एक जाकीट पकडलं होतं. ते त्यानं स्वतः घातलं नाही. चष्मेवाल्यांचा एक हात त्यात घातला, मग दुसरा, आणि दातांनी पट्टा ओढून गाठ मारली. पाण्यात, गारांच्या माऱ्यात, त्या माणसाला गाठ मारायची आठवण राहिली होती.

पण साहेब घाबरले होते. जाकीट अंगात असूनही त्यांनी दोन्ही हातांनी रंगनाथच्या गळ्याला मिठी मारली. "सायेब, सोडा. आता तुमी न्हाई बुडत. सोडा मला," रंगनाथ म्हणत होता. दोनदा दोघेही पाण्याखाली जाऊन वर आले. तिसऱ्यांदा एकटे साहेब वर आले.

मग माझ्या नाकातली हवा संपली आणि मी खाली गेले.

चौघे पाहुणे आणि मच्छिंद्र काठाला लागले. रंगनाथ मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या लोकांच्या जाळ्यात सापडला. मला चौथ्या दिवशी दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढून काढलं आणि काठावर टाकलं. तिथं पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून मला कळलं, की माझ्या गैरहजेरीत एक दुसरीच गोष्ट तयार झाली होती. आप्पासाहेबांनी पोलिसांना सांगितलं होतं, की रंगनाथ पिऊन होता. नशेत तो बोटीत उभा राहिला, झोक गेला आणि बोट कलंडली. पुरावा? त्याच्या घरामागं पोतंभर दारूच्या बाटल्या सापडल्या होत्या.

चष्मेवाले साहेब दवाखान्यात होते. त्यांनी जबाब दिला, की गोंधळात मला काही आठवत नाही. बाकीचे त्याच संध्याकाळी पुण्याला निघून गेले होते. आणि मच्छिंद्र? पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वारं आलं. बोट कलंडली. मी इंजिनाकडं बघत हुतो." रंगनाथ प्याला होता का, असं विचारल्यावर तो खाली बघत राहिला. तेवढ्या गप्प राहण्यानं पोलिसांचं काम भागलं. पेट्यांचं नाव कुणी काढलं नाही.

डोंगरातल्या गावांत अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. रंगनाथची बायको कडूबाई मीठ-मिरची आणायला राजूरला गेली, तर दुकानात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "पिऊन बोटीत चढलं, अन् पाव्हन्यांना बी बुडवीत हुतं." ती सामान तिथंच टाकून घरी आली.

दहाव्या दिवशी दहाव्याचा विधी धरणाच्या काठावरच होता, माझ्यापासून वीसेक पावलांवर. माणसं थोडी आली होती. विधी झाल्यावर सगळे पांगले. छबूबाई पदर तोंडाला लावून पाण्याकडे बघत बसली होती. मच्छिंद्र माझ्यापाशी आला. त्यानं माझ्या उघड्या पेटीच्या कडेवर हात ठेवला. मग त्यानं हाक मारली, "छबे, हिकडं ये."

ती आली. दहा दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

"तुज्या भावानं बोट न्हाई बुडवली," मच्छिंद्र म्हणाला. "मी बुडवली."

त्यानं पेटीकडे बोट दाखवलं.

"ह्या पेट्या बंद हुत्या. आत फोम हुता. बोट भरली तरी बुडू नये म्हनून. मला त्या समुद्रावाल्यानं बजावून सांगितलं हुतं. आप्पा म्हनलं काप, मी कापल्या. रंगाभाऊ मानसांस्नी सांगत हुता बोट धरा, बोट धरा. त्याला म्हाईतच न्हवतं. मी सांगितलंच न्हाई कधी."

छबूबाई पेटीत डोकावली. आत गाळ साचला होता. "म्हंजे मी रोज बर्फ भरायचे, ती जागा?"

"व्हय."

तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. ती माझ्या कठड्याला धरून खाली बसली. मच्छिंद्र तिला उठवायला वाकला, तशी तिनं त्याचा हात झटकला. पाण्यावर एक बगळा उतरला आणि उडून गेला.

"पोलिसांस्नी सांगितलं का हे?" तिनं विचारलं.

"न्हाई. सांगितलं तर मलाच धरत्याल. आप्पांचं काय, ते सुटत्याल. मंग तुजं कसं..."

"माजं काय व्हायचं ते हू द्या." ती उठली. "माज्या बापाला दारुडा म्हनलेलं आमी भावा-बहिनीनं जलमभर सोसलं. तो पीत हुता म्हनून सोसलं. रंगाभाऊ पीत न्हवता. कडूवहिनी बाजारात तोंड दाखवंना झालीया. तुमी आज ठान्यात जायचं. मी संगं येते. मंग मी तिच्याकडं ऱ्हायाला जानार."

"कवा येशील माघारी?"

ती ठाण्याच्या वाटेला लागली.

त्याच दिवशी मच्छिंद्रनं ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. तांडेलांनी काय बजावलं, यंत्र कुणी आणलं, फोनवर काय बोलणं झालं, सगळं. दोन दिवसांनी पोलीस पंचनाम्याला आले. पेट्या कुठून आणि कशा कापल्या, हे त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या अंगावर दाखवलं. जाळून उरलेल्या फोमचे दोन-चार काळे गोळे त्यानं काठावरच्या मातीतून उकरून काढून दिले.

मच्छिंद्र म्हणाला होता तेच खरं झालं. आप्पासाहेब आणि मच्छिंद्र, दोघांवर गुन्हा दाखल झाला. आप्पासाहेब त्याच दिवशी जामिनावर सुटले. मच्छिंद्रला जामीन राहायला माणूस मिळेना, म्हणून तो अकरा दिवस आत राहिला. आता तो घाटाखाली कुठं तरी रस्त्याच्या कामावर जातो. कॅम्प काही महिने बंद होता. हल्ली काठावर पुन्हा तंबू दिसतात, असं हवालदारांच्या बोलण्यातून कळतं.

मला ट्रॅक्टरवर घालून या अंगणात आणलं. पावसाळा गेला, भात कापून झालं. आणि परवाच्या सोमवारी इथं एक गोष्ट घडली.

मेल्यावर रंगनाथच्या शरीराची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या पोटात काय होतं ते बघायला नमुने मोठ्या शहरात पाठवले होते. सहा महिन्यांनी त्याचा कागद आला. तो आला असं कळल्यावर छबूबाई आणि कडूबाई वाडीहून चालत ठाण्यात आल्या. फाटकापाशी मच्छिंद्रही उभा होता. तो आत आला नाही.

हवालदार कानिफनाथ भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, कागद तुम्हांला देता येत नाही. कोर्टात जाईल."

"द्यायचा नगं, दादा," छबूबाई म्हणाली. "वाचून दावा."

हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं. ठाण्याचे साहेब बाहेर गेले होते. ते दोघींना घेऊन मागच्या अंगणात, माझ्यापाशी आले. माझ्या पलीकडे कुडाची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे चहाची टपरी. टपरीवर सात-आठ माणसं बसली होती. हवालदारांनी हलक्या आवाजात वाचलं, "सदर नमुन्यांमध्ये मद्याचा अंश आढळून आला नाही."

कडूबाईला ते कळलं नाही. छबूबाईनं तिला सांगितलं, "प्याला न्हवता म्हनून लिवलंय." कडूबाईनं मान हलवली. तिला त्यात नवं काहीच नव्हतं.

छबूबाईनं कुडाच्या भिंतीकडे पाहिलं. "दादा, पुन्यांदा वाचा."

हवालदारांनी पुन्हा वाचलं.

"आसं न्हाई. मोठ्यानं वाचा. नाव घिऊन वाचा."

कानिफनाथ हवालदार भिंतीच्या जवळ सरकले. मग त्यांनी टोपी काढून काखेत धरली, कागद डोळ्यांसमोर नेला, आणि पोवाडा म्हणावा तशा खड्या आवाजात रंगनाथचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गावाचं नाव घेऊन ते वाक्य सबंध वाचलं. टपरीवरच्या कपबश्यांचा आवाज थांबला. कुणीतरी उठून उभं राहिलं. फाटकापाशी मच्छिंद्रनं तोंड भिंतीकडे वळवलं.

दोघी बायका निघाल्या. मच्छिंद्र त्यांच्यामागं दहा पावलं अंतर ठेवून चालू लागला. छबूबाईनं वळून पाहिलं नाही, पण मागं येऊ नका असंही ती म्हणाली नाही.

मित्रांनो, माझं आता काही होणार नाही. खटला संपेल तेव्हा मला मोडीत काढतील. पण तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्या हातात यंत्रं येतील आणि कुणी मोठा माणूस येऊन म्हणेल, ही जागा फुकट गेली आहे, हिला काप. तेव्हा आधी विचारा, ही कुणी बंद केली आणि का केली? उत्तर ठाऊक असेल तर मोठ्यानं सांगा. आणि तरीही कापायचा हट्ट कुणी धरलाच, तर हातातलं यंत्र खाली ठेवा. पुन्हा उचलू नका. आणि बोटीत बसाल, तेव्हा जाकीट बुडाखाली घेऊ नका, अंगात घाला. तुमचं घालून झालं की बोट चालवणाऱ्याकडे बघा, नाकाशी बसलेल्या माणसाकडे बघा. त्यांच्या अंगात ते नसेल, तर बोट हलू देऊ नका.